पत्र एका आईला, सलाम दुसरीला

कोकणातल्या खाडीकाठच्या कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात जा, एखादे तरी घर ‘केपवाल्यांचे’ म्हणून ओळखले जाते. घराला कुलूप असो वा माणसे राहत असोत, नाव मात्र तेच. गावच्या मशिदीच्या बांधकामात, मदरशाच्या खोल्यांत, विहिरीच्या कठड्यात केपटाउनचा पैसा लागलेला असतो. आखाती देशांची वाट आपल्याला सापडण्याच्या कितीतरी आधी आपली माणसे आगबोटीने आफ्रिकेला जात होती. रत्नागिरी आणि तेव्हाचा कुलाबा जिल्हा, जंजिरा संस्थान, या पट्ट्यातून गेलेल्या कोकणी मुसलमानांची वस्ती केपटाउनमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. त्यांनी तिथे फळे-भाजी विकली, छोटी दुकाने टाकली, मशिदी बांधल्या. केपटाउनची प्रसिद्ध हबीबिया मशीद ज्या सूफी साहेबांच्या नावाशी जोडलेली आहे, तेही मूळचे आपल्या कोकणचेच.

हे सारे आपण अभिमानाने सांगतो. पण ही माणसे गेली कशी, कोणत्या कायद्यांच्या फटीतून गेली आणि जाताना मागे काय सोडून गेली, हे आपल्या घरांत क्वचितच बोलले जाते. आमच्या गावात गेल्या हिवाळ्यात जे घडले, त्यामुळे आम्हाला ते मुळापासून समजून घ्यावे लागले. संबंधित कुटुंबांच्या परवानगीने, पण त्यांची नावे न घेता, ती हकीकत इथे देत आहोत.

निकाहच नाकारणारा कायदा

आधी थोडा इतिहास. केप वसाहतीने १९०२ मध्ये कायदा केला की बाहेरून येणाऱ्याला एखादी युरोपीय भाषा लिहिता आली पाहिजे. उर्दू, मराठी, गुजराती जाणणारा माणूस या चाळणीतून आपोआप गळून पडत होता. मग १९१३ च्या कायद्याने भारतातून नव्याने येणाऱ्या प्रौढांना दार जवळजवळ बंदच झाले. जे आधीपासून तिथे स्थायिक होते त्यांना आपली बायको आणि १६ वर्षांखालची मुले आणता येत होती, तेवढीच वाट उरली.

त्यातही बायको आणणे सोपे नव्हते. मार्च १९१३ मध्ये केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांच्यासमोर हसन इसाप या गृहस्थांच्या पत्नी मरियमबाई यांचा खटला आला. ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांची मुभा आहे, त्या पद्धतीने झालेला विवाह या देशात विवाह मानता येणार नाही, असा निकाल लागला. एका फटक्यात हजारो मुस्लिम आणि हिंदू स्त्रिया कायद्याच्या नजरेत कोणाच्याही पत्नी राहिल्या नाहीत. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहात स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या, त्यामागे हा निकाल होता. १९१४ च्या कायद्याने एका पत्नीला मान्यता मिळाली, तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला.

तरीही बहुतेक कोकणी पुरुषांनी बायका गावातच ठेवल्या. भाडे परवडत नव्हते, आणि घर, शेत, म्हातारे आईबाप सोडून बाईने सात समुद्रापार जाणे रूढही नव्हते. पुरुष काही वर्षांनी गावी येत. येताना परवाना घ्यावा लागे. त्यावर फोटो, बोटांचे ठसे आणि परतण्याची मुदत असे. मुदत टळली की केपचा हक्क गेला. बायकोचे बाळंतपण असो, बापाचे आजारपण असो, मुदतीच्या आत बोट गाठावीच लागे.

राहिली १६ वर्षांखालच्या मुलांची वाट. मुलगा आणता येतो, पुतण्या नाही, भाचा नाही, शेजाऱ्याचा पोरका पोर तर नाहीच. मग काय होणार? भाचे, पुतणे, शेजारी कागदावर ‘मुलगे’ झाले. केपच्या अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक होते. म्हणून बोटीतून उतरलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला वेगळे बसवून ते प्रश्न विचारत. घराला दारे किती? विहीर कुठे? मशीद कोणत्या बाजूला? समोर कोण राहते? तेच प्रश्न मग बापाला. उत्तरे जुळली नाहीत तर परतीची बोट.

पाहुणे आले, आणि कुजबुज सुरू झाली

गेल्या डिसेंबरात केपटाउनहून पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आपल्या नातीला घेऊन गावात आले. त्यांचे वालिद १९२५ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, बोटीने केपला गेले होते. तिथेच मोठे झाले, तिथल्याच मलय घराण्यातील मुलीशी निकाह केला, डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये किराणा दुकान चालवले. १९६६ मध्ये सरकारने तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला आणि पुढच्या वर्षांत जवळपास ६०,००० माणसांना तिथून हलवले. त्यात यांचे दुकानही गेले आणि घरही. पाहुण्यांना मराठी येत नाही, उर्दू मोडकीतोडकी. कोकणी बोलीतले मोजकेच शब्द वालिदांकडून आलेले, आणि त्यातला एक होता ‘सांदण’.

गावात त्यांना ज्यांचे घर माहीत होते, त्यांच्याकडेच ते उतरले. कागदावर त्यांच्या आजोबांचे हेच घर. सध्या तिथे राहणारे साठीतले गृहस्थ नात्याने पाहुण्यांचे चुलतभाऊ ठरत होते. त्यांनी आगतस्वागत मनापासून केले. पण दोनच दिवसांत मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली, “हिस्सा मागायला आलेत.” कोकणात जमिनीला आलेला भाव आणि सातबारावरची नावे यांची धास्ती किती असते, हे वाचकांना सांगायला नको. घरमालक काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मुलांच्या चेहऱ्यावर ते दिसत होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला बोलावणे पाठवले. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आजीला आफ्रिकेतून आलेली उर्दू पत्रे होती. घरात आता शिकस्ता लिपीतली जुनी उर्दू वाचणारे कोणी राहिलेले नाही. मुलगे इंग्रजी माध्यमात शिकलेले. म्हणाले, “सर, जरा वाचून सांगा. जमिनीबद्दल काही लिहिलंय का, तेवढं बघा.”

ट्रंकेतली पत्रे

पत्रे एकूण ४३ होती. पहिले १९२६ चे, शेवटचे १९५३ चे. काही वाळवीने खाल्लेली, काही दमट हवेत एकमेकांना चिकटलेली. दोन रात्री बसून आम्ही ती लावली आणि वाचली.

जमिनीबद्दल एक अक्षरही नव्हते.

प्रत्येक पत्राची सुरुवात ‘वालिदा साहेबां’ना सलामाने होत होती. खुशाली, दुकान, थंडी, रमजानचा चाँद, मनीऑर्डर. मधली पत्रे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. त्या काळात बोटीने येणे-जाणे म्हणजे जिवाशी खेळ होता. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेला निघालेले ‘तिलावा’ जहाज जपानी पाणबुडीने अरबी समुद्रात बुडवले आणि २८० जीव गेले. त्यानंतरच्या एका पत्रात तो मुलगा, आता अठ्ठावीस वर्षांचा तरुण, कळवतो की यंदा येणे जमणार नाही, वाट पाहू नये.

पण आमचे लक्ष वेधले ते एका ओळीने. ४३ पैकी ज्या ज्या पत्राचा शेवट शाबूत होता, त्या प्रत्येक पत्रात शेवटी समोरच्या घरात सलाम सांगितलेला होता. चुलत्यांना, मामूंना, मौलवी साहेबांना सलाम कधी असे, कधी नसे. समोरच्या घराला मात्र न चुकता. मनीऑर्डरचा उल्लेख आला की त्यातले अर्धे समोर द्यावेत, असेही. आईला पत्र लिहिणारा मुलगा शेजाऱ्यांची एवढी काळजी का करतो, हे आम्हाला उमगेना.

पाहुण्यांच्या नातीने फोनमध्ये एक फाइल आणली होती. केपटाउनच्या रोलँड स्ट्रीटवरील सरकारी दप्तरखान्यात त्या काळच्या स्थलांतराच्या फाइली जपून ठेवल्या आहेत. तिथून तिने पणजोबांची फाइल मिळवली होती. अकरा वर्षांच्या मुलाचा फोटो, त्याच्या बोटांचे ठसे आणि अधिकाऱ्याच्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरे. त्याने सांगितले होते की दारात उभे राहिले की मशीद दिसते.

आम्ही ज्या ओटीवर बसलो होतो, तिथून मशीद दिसत नाही. मध्ये फणसाचे झाड नाही, नवे बांधकामही नाही. घराचे तोंडच दुसरीकडे आहे. मशीद दिसते ती समोरच्या घराच्या दारातून.

जनरल रजिस्टर

शिक्षकाच्या डोक्यात अशा वेळी एकच गोष्ट येते, ती म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. गावची उर्दू शाळा जुनी आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने लोखंडी कपाटातले १९२० नंतरचे रजिस्टर काढले. त्यात मुलाचे नाव, वालिदांचे नाव, आडनाव, जन्मतारीख, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण असते.

त्या नावाचा, पाहुण्यांच्या आजोबांचा मुलगा म्हणून नोंदलेला एकही विद्यार्थी नव्हता. त्याच नावाचा दुसरा एक विद्यार्थी होता. वालिदांच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलेले. आडनाव समोरच्या घराचे. ऑक्टोबर १९२५ मध्ये नाव कमी केलेले, आणि कारणाच्या रकान्यात ‘आफ्रिकेस गेला’ एवढेच शब्द. ऑक्टोबर म्हणजे पावसाळा संपून आगबोटी पुन्हा सुरू झालेल्या. गावातून मुंबई, मुंबईहून डेकवर स्वतःची वळकटी आणि शिदोरी घेऊन काही आठवड्यांचा प्रवास. केपच्या फाइलीत तो मुलगा त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोहोचलेला होता.

खालांची साक्ष

समोरच्या घरात आता एकट्या खाला राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण बुद्धी तल्लख. आम्ही पाहुण्यांना आणि घरमालकांना घेऊन त्यांच्याकडे गेलो. काय विचारायचे, कसे विचारायचे, याचा विचार करत होतो. फोनमधला फोटो त्यांना दाखवला. बराच वेळ त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला.

“हा माझा मामू,” त्या म्हणाल्या. “माझ्या अम्माचा भाऊ. आम्ही कोणी बघितला नाही. अम्माच्या दुआत मात्र रोज असायचा.”

मग त्यांनी जे सांगितले ते असे. त्यांचे नाना खाडीत होडी उलटून गेले. नानीच्या पदरात दोन लेकरे, एक मुलगी आणि एक मुलगा. समोरचे शेजारी केपला दुकानात होते, त्यांना तेव्हा मूल नव्हते. मुलाला आपला म्हणून नेतो, तुमचे घर चालेल, असे त्यांनी नानीला सांगितले. नानीने तीन दिवस जेवण घेतले नाही, आणि चौथ्या दिवशी हो म्हटले. एकच अट होती. मुलाने पुन्हा कधी कागदावर तिला आई म्हणून लिहायचे नाही. पत्र कुणाच्या हाती लागले तर मुलगा बोटीवर परत बसवला जाईल, आणि नेणाऱ्याचाही हक्क जाईल.

“पोस्टमन समोर आला की नानी उठून तिकडच्या ओटीवर जाऊन बसायची,” खाला म्हणाल्या. “पत्र वाचलं जायचं चाचीला. ऐकायची नानी. समोरच्या घराला सलाम आला की उठून घरी यायची. तिचं पत्र तेवढंच.”

आम्ही आमच्या आयुष्यात पुष्कळ पत्रे वाचली आणि मुलांना पत्रलेखन शिकवले आहे. सलामाच्या एका ओळीत एवढे मावू शकते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पाहुणे काही वेळ बोलले नाहीत. ज्या आडनावाने ते पंचाहत्तर वर्षे जगले, ज्या आडनावाचा बोर्ड त्यांच्या दुकानावर होता, ते त्यांचे नव्हते. आणि समोर बसलेली, आतापर्यंत फक्त ‘शेजारच्या आजी’ असलेली बाई त्यांची सख्खी आतेबहीण होती. गावात पाऊल ठेवल्यापासून रोज सकाळी त्यांच्यासाठी नाश्ता पाठवणारीही तीच होती. दुसऱ्या दिवशी त्या नाश्त्यात सांदण आले, तेव्हा पाहुण्यांनी तो शब्द उच्चारला आणि खाला हसल्या. दोघांनाही तेव्हा त्याचे कारण ठाऊक नव्हते.

नाव कोणाचे लावायचे?

आता खरा पेच. कुरआनातील सूरह अहज़ाबमध्ये मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या वडिलांच्या नावाने हाक मारण्याची ताकीद आहे. हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांचे उदाहरण आपण मुलांना शिकवतो. पाहुणे दीनदार माणूस. त्यांनी व्याकुळ होऊन विचारले, “माझे वालिद आयुष्यभर चुकीच्या नावाने जगले. मी काय करू?” गावच्या मौलाना साहेबांनी त्यांना समजावले की तुमचे वालिद तेव्हा अकरा वर्षांचे होते, निर्णय त्यांचा नव्हता. आता खरे कळले आहे तर नसब दुरुस्त करा, घरच्यांना सांगा, मुलाबाळांना खरे नाव शिकवा. सरकारी कागद बदलणे शक्य नसेल तर निदान शिजऱ्यात खरे लिहा.

दुसरा पेच घरमालकांचा होता. त्यांच्यावरचे ओझे उतरले होते. रजिस्टरने सिद्ध केले होते की पाहुणे त्यांच्या रक्ताचे नाहीत, हिश्शाचा प्रश्नच उरला नव्हता. मुले तर मोकळेपणाने श्वास घेऊ लागली. घरमालक मात्र ट्रंकेकडे बघत म्हणाले, “माझ्या आजीने सत्तावीस वर्षं यांच्या वालिदांना बेटा म्हणून लिहिलं. शेवटच्या आजारात औषधाचे पैसे केपहून आले. हिश्शाचं जाऊ द्या. भाईजान माझे भाईजानच राहणार.” त्यांनी पत्रे दोन गठ्ठ्यांत वाटली. एक पाहुण्यांना दिला, दुसरा खालांना.

पाहुण्यांनी नानींच्या कबरीवर फातिहा पढली. कबरीवर नाव नाही, खालांनी जागा दाखवली.

दार का बंद राहिले

हे नाते शंभर वर्षे का लपून राहिले? केवळ भीतीमुळे नव्हे. १९२७ च्या केपटाउन करारानंतर मुलाबरोबर आईनेही येण्याची अट आली आणि बापाबरोबर एकट्या मुलाने जाणे थांबले. १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेवर व्यापारबंदी घातली. १९५३ नंतर भारतातून बायको आणणेही तिथल्या सरकारने बंद केले. भारतीय पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेसाठी चालत नसे. दोन्ही देशांचे संबंध पूर्ववत झाले ते १९९३ मध्ये. तोवर पत्र लिहिणारेही गेले होते आणि ऐकणारेही. उरली ती ट्रंक, जी वाचायला घरात कोणी नव्हते.

म्हणून वाचकांना काही सांगावेसे वाटते. घरातल्या जुन्या ट्रंका, पासबुके, जहाजावरच्या नोकरीची पुस्तके, परवाने, उर्दू पत्रे दिवाळीच्या किंवा ईदच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. कागद एकमेकांना चिकटले असतील तर ओढून सोडवू नका. आधी फोनवर त्यांचे फोटो काढा. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाशेजारी एक दिवस बसा आणि नाना-नानी, दादा-दादी यांच्या पलीकडची नावे लिहून घ्या. बायकांची नावेसुद्धा लिहा. शिजऱ्यात पुरुषांचीच नावे असतात म्हणून निम्मे नाते हरवते. गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहण्यासाठी मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज करा. केपटाउनमध्ये नातलग असतील तर तिथल्या दप्तरखान्यात नावानिशी चौकशी करायला सांगा. आणि मुलांना कोणत्याही माध्यमात घाला, पण उर्दू वाचण्यापुरती तरी शिकवा.

आमच्या सातवीच्या वर्गाला आम्ही यंदा शिजरा लिहून आणायला सांगितला आहे. अठ्ठावीसपैकी नऊ मुलांच्या वहीत आफ्रिकेतला एक तरी माणूस निघाला. त्यातल्या सहा जणांचे नाव घरात कोणालाच सांगता आले नाही. पाचवीतल्या पोराच्या दादीपासून सुरुवात करून त्या सहांची नावे शोधायचे काम चालू आहे.